व्याघ्रवीराची अब्रुनुकसानी

बेहडीटोल्याच्या जीवनलाल पटलेंची अब्रू गेली ती छापखान्यातून. तोवर बावीस वर्षं ती चांगली धडधाकट होती. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली, दुकानं लागली, दंडारीच्या नाचगाण्याचा मंच उभा राहिला, की माईकवाला पुकारायचा, "व्याघ्रवीर जीवनलालजी पटले यांनी मंचावर यावं!" मग जीवनलाल सावकाश उठत, कोणाला दिसलं नसेल तर दिसावं म्हणून दोनदा टोपी नीट करत, मंचावर जाऊन शाल-नारळ घेत आणि वाघाची गोष्ट सांगत. पहिल्या वर्षी तो वाघ सात फुटांचा होता. मागच्या मंडईपर्यंत तो अकरा फुटांवर गेला होता, आणि फूटपट्टी घेऊन कोणी आलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. बावीस वर्षांमागे, चैत्रात, जीवनलाल आणि त्यांची बायको राजकुमारी पहाटेच मोहफुलं वेचायला नागझिऱ्याच्या जंगलाकडे गेले. नाला ओलांडला, मोहाचं झाड गाठलं, आणि समोर वाघ आला. जीवनलालांनी कुऱ्हाड उगारली, वाघाच्या टाळक्यात हाणली, वाघ रक्ताळून पळाला. रक्ताने माखलेली कुऱ्हाड हातात घेऊन धापा टाकत येणारे जीवनलाल गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. तिथेच त्यांना खांद्यावर घेतलं आणि ढोल लावून घरापर्यंत मिरवलं.

यात खोटं फार नव्हतं. वाघ खरा होता, कुऱ्हाड खरी होती, रक्तही खरं होतं. फक्त वाघ आला तेव्हा जीवनलाल झाडावर होते.

आता एवढ्यावरून त्यांना कोणी लबाड म्हणेल तर तो अन्याय होईल. त्यांनी आपणहून काही सांगितलंच नव्हतं. लोकांनी विचारलं, "वाघ होता का जी?" त्यांनी मान हलवली. "कुऱ्हाडीनं हाणला का जी?" याचं उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तोच ते उचलले गेले. खांद्यावर बसलेल्या माणसाने खालच्यांच्या चुका काढत बसावं अशी ज्याची अपेक्षा असेल, तो कधी कोणाच्या खांद्यावर बसलेला नाही. पुढे दरवर्षी सांगून सांगून गोष्ट पाठ झाली, आणि पाठ झालेलं माणसाला खोटं वाटत नाही. राजकुमारीबाईंनी ती बावीस वेळा ऐकली. त्या मंचासमोर बायांच्या बाजूला बसत आणि गोष्ट संपली की घरी येऊन चूल पेटवत.

यंदा गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. शाळेतल्या भूमेश्वरी रहांगडाले या तरुण शिक्षिकेकडे स्मरणिकेचं काम आलं. शहाण्या माणसाने अशा वेळी नेत्यांचे फोटो आणि शुभेच्छा छापून मोकळं व्हावं. पण या बाईंना हौस फार. त्या धानाच्या रोवणीच्या वेळी बांधावर जाऊन बसल्या आणि बायांना विचारत सुटल्या, जुनं काय आठवतं, गाणी कोणती, गोष्टी कोणत्या. शेजारच्या देवकाबाई वाघ आला त्या दिवशी मोहफुलं वेचायला शंभर पावलांवरच होत्या. त्यांना आठवत होतं. स्मरणिका आली तेव्हा पान एकेचाळीसवर 'आपल्या गावच्या शूर बाया' या मथळ्याखाली छापलं होतं : 'मोहफुले वेचताना वाघ समोर आला असता राजकुमारीबाई पटले यांनी कुऱ्हाडीचा वार करून त्याला पळवून लावले. त्या वेळी त्यांचे पती मोहाच्या झाडावर सुखरूप होते.'

जीवनलालांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. झाडावर होते इथपर्यंत ठीक, पण सुखरूप? सुखरूप लिहायची गरज काय होती? ते तसेच पुस्तिका घेऊन अंगणात आले. राजकुमारीबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"तुनं सांगतलं का वो त्या मास्तरीनीले?"

"मी कायले सांगू जी?" राजकुमारीबाई म्हणाल्या आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. जीवनलालांनी पुढे विचारलं नाही. त्या वेळी त्यांना बायकोशी बोलण्यापेक्षा महत्त्वाची कामं होती.

दुपारी तिरोड्याहून हर्षाचा फोन आला. हर्षा त्यांची एकुलती लेक. तिच्या सासरी पान एकेचाळीसचा फोटो मोबाईलवर पोचला होता. व्याही रामलालजी जीवनलालांना आजवर एकट्यालाच हाताच्या खुर्चीवर बसवत, बाकीच्या पाहुण्यांना बाजेवर. त्या रामलालजींनी फोटो पाहून म्हणे फक्त "अच्छा!" असं म्हटलं होतं. त्या 'अच्छा'ने जीवनलाल जेवले नाहीत. मंडई तीन आठवड्यांवर आली होती. यंदा मंचावर पुकारलं गेलं नाही तर गावात कोणत्या तोंडाने फिरायचं, आणि पुकारलं गेलं तर कोणत्या तोंडाने गोष्ट सांगायची, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी ते गोंदियाला ॲडव्होकेट धनेंद्र येळेंकडे गेले. धनेंद्र नात्यातला, चुलत बहिणीचा पोरगा. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसायचा आणि आलेल्या प्रत्येकाची केस मजबूत आहे असं सांगायचा. त्याने पान वाचलं आणि डोळे मिटून मान डोलावली.

"देखो मामाजी, हे लायबल आहे."

"मंजे?"

"तोंडानं बोललं तर त्याले इंग्रजीत स्लँडर म्हणतेत. लिवलं, छापलं, भिंतीवर रंगवलं, का लायबल. आपल्या कायद्यात दोन्ही बदनामीच, पण छापील असलं का बात अलग. बोललेलं मानूस उद्या नाकारते. छापलेलं कुठी पळून जाते?"

जीवनलालांना शब्द आवडला. लायबल. आपल्याला साधंसुधं काही झालेलं नाही, हे त्यांना बरं वाटलं.

"आता पाहा," धनेंद्र रंगात आला, "पयली गोष्ट, ते तिसऱ्या मानसानं वाचलं पाहिजे. बाईनं हेच चिठ्ठीत लिवून फक्त तुमाले पाठवलं असतं, तर तुमी घरात बसून कितीही रडा, बदनामी नाही झाली. छापलं, वाटलं, झाली. बरं, मजकूर खोटा आहे ना?"

जीवनलालांना ठसका लागला. धनेंद्रने पाण्याची बाटली पुढे केली.

"छापलं तर आहे ना तिनं," पाणी पिऊन जीवनलाल म्हणाले.

"ते तर दिसूनच राहिलं. पन खरं असलं अना लोकांच्या भल्यासाठी लिवलं असलं, तर बाई सुटते. म्हनून पुसलं."

"खोटं आहे," जीवनलाल म्हणाले. अकरा फुटांच्या वाघाला भ्याले नव्हते ते, एका शब्दाला काय भिणार.

"मग झालं. आता खरा मुद्दा. तुमी लोकाईच्या नजरेतून उतरले पाहिजे. दोन साक्षीदार आना. त्याईनं फक्त एवढंच सांगाचं, का पान वाचलं अना जीवनलालजी आमच्या मनातून उतरले."

"अना अब्रूची किंमत?"

"पाच लाख टाकतो. सगळेच पाच टाकतेत."

इतकी वर्षं आपण पाच लाख घेऊन फिरत होतो आणि आपल्याला पत्ता नाही, असं वाटून जीवनलाल एसटीत जरा ताठ बसले.

साक्षीदार मिळवणं सोपं वाटलं होतं. ते पहिल्यांदा गेले मंडई समितीच्या अध्यक्षाकडे, कवडूकडे. 'व्याघ्रवीर' ही पदवी त्यानेच काढलेली. कवडू धानाच्या गंजीवर ताडपत्री ओढत होता. जीवनलालांनी सगळं समजावलं आणि म्हटलं, "तुले फक्त सांगाचं आहे, का मी तुह्या मनातून उतरलो."

कवडू खाली उतरला आणि डोकं खाजवू लागला. "आता खोटी साक्ष कशी देऊ जी?"

"खोटी काऊन? पान वाचलं ना तुनं?"

"वाचलं. पन त्याच्यानं काही फरक नाही पडला. मले पयलेच मालूम होतं."

"कोनती गोष्ट मालूम होती?"

"तुमी झाडावर होते म्हनून. देवकाबाईनं त्याच दिवशी माह्या मायले सांगतलं होतं. साऱ्या गावाले मालूम आहे जी."

जीवनलालांना धानाच्या पेंढ्यांवर बसावं लागलं. बावीस शाली त्यांच्या डोळ्यांसमोरून एकापाठोपाठ एक गेल्या. "मग," ते म्हणाले, "मले शाल कायले देत होते?"

"मंडईले कोनी तरी लागते ना," कवडू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जराही कुचेष्टा नव्हती. "पलीकडच्या गावात पैलवान आहे, त्याच्या पलीकडं कीर्तनकार. आपल्याकडं कोन होतं? तुमी गोष्ट चांगली सांगता. लोक खूश, तुमी खूश. कोनाचं का बिघडलं?"

दुसरा साक्षीदार म्हणून त्यांनी केवलराम धरला. हा गावात उशिरा राहायला आलेला, त्याला काही ठाऊक नसणार. खरोखरच नव्हतं. त्याने पानही वाचलं नव्हतं, चष्मा फुटला होता. तेव्हा जीवनलालांनी स्वतःच त्याला पान एकेचाळीस मोठ्याने वाचून दाखवलं. केवलराम इतका हसला की त्याला खाटेची पाटी धरावी लागली.

"आता उतरलो का?" जीवनलालांनी विचारलं.

"नाही जी," केवलराम डोळे पुसत म्हणाला. "उलट तुमी मले आज पयल्यांदा आपल्यासारखे वाटून राहिले. मी असतो तर मीबी चढलोच असतो."

म्हणजे ज्याला ठाऊक होतं त्याच्या मनातून ते उतरले नव्हते, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्या मनात ते चढले होते. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण जीवनलालांचं डोकं आता वेगळ्याच वाटेला लागलं. गावाला ठाऊक असणं एक आणि छापलेलं असणं दुसरं. गावाला ठाऊक असलेलं गाव चार पिढ्यांनी विसरतं. आपण मेलो, देवकाबाई मेल्या, की वाघ पुन्हा आपलाच. पण पुस्तक राहणार. उद्या हर्षाची पोरं शाळेत जातील आणि वाचतील, आजोबा सुखरूप होते. या विचाराने त्यांची झोप गेली, आणि खरं सांगायचं तर त्यांची दया येते. त्यांनी धनेंद्रला फोन केला आणि साक्षीदार नंतर पाहू, आधी नोटीस लाव म्हणून सांगितलं.

नोटीस झकास उतरली. 'माझे अशील हे पंचक्रोशीतील नामांकित व प्रतिष्ठित गृहस्थ असून' अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं की, 'माझ्या अशिलाने नाल्यापलीकडील घनदाट अरण्यात पट्टेदार वाघाच्या मस्तकावर कुऱ्हाडीचा प्राणघातक वार करून त्यास गंभीर जखमी केले व त्याच्या रक्ताने माखलेली कुऱ्हाड गावाने पाहिली, ही बाब सर्वश्रुत आहे.' त्याखाली पान एकेचाळीसचा मजकूर, शब्दन् शब्द. खाली जीवनलालांची सही.

"कॉपी कोनाकोनाले?" धनेंद्रने विचारलं.

आपल्याकडे कागद ज्याला लिहिलेला असतो त्याच्यासाठी कधीच नसतो. तो असतो खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून ज्यांची नावं असतात त्यांच्यासाठी. विहिरीतल्या बेडकाची तक्रार करायची असली तरी एक प्रत मंत्रालयात गेली पाहिजे. जीवनलालांनी बोटं मोजली. कलेक्टर, तहसीलदार, पोलीस ठाणे, शिक्षण विभाग, पंचायत समिती, ग्रामपंचायत, मंडई समिती, व्याही रामलालजी, दोन पेपरवाले. दहा झाले. मग त्यांना आठवलं आणि ते म्हणाले, "एक फारेष्टवाल्याईलेबी टाक. वाघाचा विषय आहे, त्याईले मालूम असाले पाहिजे."

अकरा प्रती रजिस्टर पोस्टाने गेल्या. शाळेच्या स्मरणिकेच्या तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या चाळीसेक वाटल्या गेल्या आणि बाकीच्या खेळाच्या सामानाच्या कपाटात पडून होत्या. त्या कपाटातून पान एकेचाळीस आठवड्याभरात जिल्हाभर पोचलं. पेपरवाल्याने चौकट छापली : 'वाघ कोणी पळवला? पती-पत्नीचा वाद कोर्टात'. मुख्याध्यापकांनी घाबरून उरलेल्या प्रतींत पान एकेचाळीसवर पांढरा कागद चिकटवला, तेव्हापासून पोरं ते पान उन्हात धरून वाचू लागली. भूमेश्वरीबाई बिचाऱ्या नोटीस घेऊन राजकुमारीबाईंकडे आल्या आणि रडल्या. राजकुमारीबाईंनी त्यांना चहा दिला. जीवनलाल तेवढा वेळ गोठ्यात उभे होते.

मग धनेंद्रचा फोन आला. आवाज एकदम बारीक होता.

"मामाजी, एक छोटीशी गडबड झाली."

"का झाली?"

"फारेष्टचं पत्र आलं का तुमाले? त्याईनं जबानीले बोलवलं आहे. आता पाहा, वाघ मंजे अनुसूची एकचा प्रानी. त्याले जखमी केलं, का तीन ते सात वर्षं जेल. तुमी तर नोटिशीत लिवूनच दिलं, सहीसकट."

"मी कुठं लिवलं? तुनं लिवलं!"

"सही तुमची आहे जी."

"अरे, वाघ अंगावर आला होता! जीव वाचवाले मारलं तर चालते ना?"

"चालते. पन मानूस कायद्याच्या जागेवर उभा असला तर. तुमी नाल्यापल्याड होते. नाल्यापल्याड अभयारण्य आहे. तिथं मोहफुलं वेचनं मंजे पयलेच गुन्हा. गुन्ह्यात असलेल्याले जीव वाचवाची माफी नाही." धनेंद्रने आवाज आणखी बारीक केला. "नाल्याच्या अल्याड होतो म्हनून सांगता येईल का?"

जीवनलालांनी बावीस वर्षं, बावीस मंडयांत, माईकवरून सांगितलं होतं की नाल्याच्या पल्याड. अल्याड वाघ मारण्यात शौर्य ते काय, अल्याड तर शेतं होती.

पत्र आलं. 'श्री. जीवनलाल पटले व सौ. राजकुमारी पटले यांनी समक्ष उपस्थित राहावे.' मंडईला चार दिवस उरले होते. वनकचेरीत टेबलामागे तिशीतल्या मॅडम बसल्या होत्या, खाकी गणवेशात, समोर नोटिशीची प्रत. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि नोटीस वाचायला घेतली. वाचताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता, त्यामुळे 'मस्तकावर प्राणघातक वार' हे शब्द जीवनलालांना पहिल्यांदाच नीट ऐकू आले. मंचावर त्यांना टाळ्या पडत. इथे नुसता पंखा फिरत होता.

"हे निवेदन तुमचं आहे?"

"सही माझी आहे जी."

"वाघावर वार तुम्ही केला?"

होय म्हटलं तर सात वर्षं. नाही म्हटलं तर अब्रू, व्याह्याची खुर्ची, मंडई, सगळं. त्यांनी भिंतीवरच्या वाघाच्या चित्राकडे पाहिलं. तोही सात फुटांपेक्षा जास्त नसावा. मग ते ज्या वेगाने बावीस वर्षांपूर्वी चढले होते त्याच वेगाने म्हणाले, "मॅडम, मी झाडावर होतो."

मॅडमनी ते लिहून घेतलं. "मग वार कोणी केला?"

कचेरीत तीन माणसं होती आणि एकच उत्तर उरलं होतं. ते मनातच ठेवता आलं असतं. मी डोळे मिटले होते, असं सांगता आलं असतं, आणि तेही खरंच होतं. पण भ्यालेला माणूस फार विचार करत नाही. जीवनलालांनी बोट केलं.

"हिनं."

राजकुमारीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादी वस्तू जिथे असेल असं वाटलं होतं तिथेच सापडावी, तसं. मग पदर सारखा करून त्या मॅडमकडे वळल्या.

"हाव जी. मी उगारली कुऱ्हाड."

"किती लागलं वाघाला?"

"वाघाले नाही लागलं."

"म्हणजे?"

"हे झाडावर होते, वाघ खाली बसला होता. माह्याकडं पाहतबी नव्हता. मी नाल्याकडं पळून जाऊ शकत होती. पन याईचा पाय घसरून राहिला होता. फांदी वाकली होती. हे पडले असते तर सिद्दे त्याच्याजवळ." राजकुमारीबाई भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. "म्हनून मी कुऱ्हाड घेऊन धावली. मारली, तं नेम चुकला. झाडाच्या मुळीवर बसली, तिथून उसळून माह्याच पायात. मी अशी बोंबलली का वाघ घाबरून पळाला. मंग हे उतरले अना कुऱ्हाड घेऊन पुढं आले."

"कुऱ्हाडीवर रक्त होतं असं यात लिहिलंय."

"ते माह्यं." त्यांनी लुगड्याचा काठ वीतभर वर केला. नडगीवर आडवी, पांढरट, बोटभर रुंद खूण होती.

जीवनलालांनी ती खूण बावीस वर्षं पाहिली होती. विळा लागला असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या दिवशी राजकुमारी त्यांच्यामागून तासाभराने घरी आली होती, हे त्यांना आता आठवलं. तेव्हा दारात ढोल वाजत होता आणि ते उशीर का झाला म्हणून तिच्यावर ओरडलेही होते, कारण पाहुण्यांना चहा हवा होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वाघाला इजा नाही, तेव्हा गुन्हा नाही. जंगलात शिरल्याबद्दल बावीस वर्षांनी काय लिहायचं, म्हणून त्यांनी तोंडी समज दिली. दोघांची जबानीवर सही घेतली. जीवनलालांच्या सहीखाली आता छापील नव्हे पण पेनाने, सरकारी कागदावर, लिहिलेलं होतं की ते झाडावर होते. त्यावर नोटीस लावायची तर ती स्वतःलाच लावावी लागली असती.

"म्हणजे त्या पुस्तकातलंही चुकलंच," मॅडम राजकुमारीबाईंना म्हणाल्या. "वार करून पळवलं, असं लिहिलंय. तुम्हालाही हरकत घेता येईल."

"ऱ्हावू द्या जी," राजकुमारीबाई म्हणाल्या. "पोरीनं चांगल्या मनानं लिवलं."

दोघं बाहेर आले. एसटीला अवकाश होता. थांब्याच्या ओट्यावर राजकुमारीबाई बसल्या, जीवनलाल उभे राहिले. धनेंद्रचा फोन दोनदा वाजला, त्यांनी घेतला नाही. त्यांना लाज वाटत होती. पान एकेचाळीस वाचल्यावर वाटली होती ती नव्हे. ती लाज व्याह्याची होती, कवडूची होती, मंडईतल्या खुर्च्यांची होती. धनेंद्र म्हणाला होता, तिसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बदनामी होत नाही. पण इथे तिसरा माणूस कोणी नव्हता, एक कुत्रं होतं आणि तेही झोपलेलं, तरी जीवनलालांना मान वर करवत नव्हती. राजकुमारी पळून जाऊ शकत होती. हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आपण झाडावर डोळे मिटून बसलो होतो तेव्हा खाली काय झालं, हे त्यांनी बावीस वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं.

"का वो," ते शेवटी म्हणाले, "तुनं मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी सांगतच होते ना दरसाली. मी कवा सांगू?"

राजकुमारीबाईंनी बसून बसून अवघडलेला पाय लांब केला आणि नडगीवरून हात फिरवला.

"लय दुखलं असन," जीवनलाल म्हणाले.

राजकुमारीबाईंनी वर पाहिलं. "तेवाच विचाराचं होतं जी."

वळणावर एसटी दिसली. राजकुमारीबाई उठल्या, पिशवी उचलली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. गाडी थांबली. त्या आधी चढल्या, मागून जीवनलाल.